तुमचं निवेदन मी त्याच कुरणात पडून वाचलं

म्युनिकमधल्या माझ्या मराठी मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

शनिवारी दुपारी सव्वातीनला ग्रुपवर निवेदनाचा मसुदा आला, तेव्हा मी त्याच कुरणात टॉवेलवर पालथा पडलो होतो. उन्हात स्क्रीन दिसेना म्हणून फोन चपलेच्या सावलीत धरून वाचला. 'इसार नदीकाठी चालणारे अश्लील प्रकार तातडीने बंद व्हावेत आणि तो भाग कुंपण घालून मोकळा करण्यात यावा, अशी म्युनिकमधील समस्त मराठी समाजाची मागणी आहे.' खाली चार वाजेपर्यंत ३१ अंगठे. जमिनीच्या कागदावर उठवतात तसे, एकापाठोपाठ एक.

त्या 'समस्त'मध्ये मीही येतो, म्हणून हे पत्र.

मी कोण ते तुमच्यातल्या बऱ्याच जणांना चौथ्या-पाचव्या ओळीलाच कळेल. ढोलपथकात डावीकडून तिसरा. सांगलीचा. २०१९ च्या महापुरात रात्री दोन वाजता ग्रुपवर 'आयर्विन पुलाची पातळी किती झाली' असं विचारत बसलेला. गणपतीत उकडीचे मोदक माझ्याकडे असतात. तुमच्यापैकी जवळजवळ सगळ्यांनी माझ्या हातचे मोदक खाल्ले आहेत, तेव्हा आता माझा विटाळ मानायचा म्हटलं तरी उशीर झालाय. मी गे आहे. वय ४६. या गावात २०११ पासून आहे, आणि उन्हाळ्यातले शनिवार-रविवार मी त्या कुरणात काढतो.

मसुदा लिहिणाऱ्या दादांनी ते कुरण पुलावरून पाहिलंय. पुलावरून नदी कळते, माणसं कळत नाहीत. म्हणून आधी तिथे नेतो. नेमकी जागा मात्र लिहीत नाही. फ्लाउखरचा काठ सगळ्या पर्यटकांना माहीत आहे, हेलाब्रुनच्या प्राणिसंग्रहालयाकडे जाताना तुम्हीही तो पाहिलाय. आमची जागा तिथून थोडी वर किंवा थोडी खाली, असं समजा.

सायकलच्या रस्त्यावरून एक पायवाट खाली उतरते. आधी वाळुंजीची झुडपं लागतात. हो, आपल्याकडे ओढ्याकाठी असते तिच्याच कुळातली, फक्त पानं जरा रुपेरी. मग गुडघ्याएवढं गवत, मग पांढरे गोटे, मग पाणी. इसार वर ऑस्ट्रियातल्या कार्वेंडेलच्या डोंगरांतून येते. रंग हिरवट दुधी, आणि जुलैतही पाय घातला की पोटरीत गोळा येतो. हे गोटे आणि हे गवत पूर्वी नव्हतं, हे इथे राहूनही आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे. एकोणिसाव्या शतकापासून ही नदी सरळ करून दगडी काठांत कोंडली होती. २००० ते २०११ या काळात शहराने आणि राज्याच्या जलखात्याने मिळून आठ किलोमीटरचा पट्टा पुन्हा मोकळा केला. काठ फोडले, पात्र रुंद केलं, नदीला तिचे गोटे परत दिले. खर्च साधारण ३.५ कोटी युरो. पूर उतरवायला जागा मिळाली आणि माणसांना नदीत उतरायला. वरच्या गावांची सांडपाणी केंद्रं पोहण्याच्या मोसमात पाणी अतिनील किरणांखालून काढून मग नदीत सोडतात. हे वाचताना मला दर वेळी आमची कृष्णा आठवते, आणि उन्हाळ्यात काठाला लागलेले मेलेले मासे. असो, तो वेगळ्या पत्राचा विषय.

कुरणात माणसं अकरानंतर जमायला लागतात. जागा ठरलेल्या असतात, लोकलच्या डब्यातल्यासारख्या. रात्रपाळी करून आलेला एक नर्स येतो आणि तीनपर्यंत झोपतो, त्याला उठवायचं नाही असा अलिखित नियम आहे. दोन स्पॅनिश आचारी येतात, ते सारखे भांडतात. चौघं जण दर रविवारी शाफकोप्फ खेळतात. हा इथला पत्त्यांचा डाव, मला अजून कळलेला नाही. पाच-तीन-दोनची सवय असलेल्या माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये. कोणी शब्दकोडं सोडवतं, कोणी आंबट-गोड प्लमांची पिशवी फिरवतं. बहुतेकांच्या अंगावर काही नसतं. पहिला अर्धा तास तुमचं लक्ष जातं. मग जात नाही.

आणि क्रूझिंग, म्हणजे उघड्यावर जोडीदार हेरत फिरणं. हा शब्द मसुद्यात तीनदा, अवतरणात आणि उद्गारचिन्हासकट आलाय, म्हणून सांगतो की ते दिसतं कसं. एक जण उठतो, पाण्यापर्यंत जातो, परत येताना सरळ वाट सोडून वळसा घालतो. ज्याच्याजवळून वळसा घातला तो हातातलं पुस्तक खाली ठेवतो, किंवा ठेवत नाही. ठेवलं नाही तर विषय संपला. कोणाला राग येत नाही, कोणाला 'सॉरी' म्हणावं लागत नाही. कांदेपोहे खाऊन 'कळवतो' म्हणत महिनाभर टांगून ठेवण्यापेक्षा ही पद्धत मला बरी वाटते. पुस्तक खाली ठेवलं, तर पुढचा प्रश्न ठरलेला: पाणी फार गार आहे का? जगातला सगळ्यात निरर्थक प्रश्न, कारण उत्तर दोघांनाही माहीत असतं. दहातल्या आठ वेळा गोष्ट पाण्याच्या तापमानावरच संपते. कधी कधी तासभर गप्पा होतात, कधी कॉफीचं ठरतं. माझा आठ वर्षांचा जोडीदार मला असाच भेटला, आम्ही आता वेगळे झालो तरी. आणि हो, कधी कधी दोघं जण झुडपांच्या मागे जातात. ते मी लपवत नाही. त्यावर पुढे बोलणार आहे.

मसुद्यातला पहिला मुद्दा 'बेकायदा नग्नता'. हा तरी काढून टाका, कारण शहराकडे गेलात तर तिथला कारकूनच तुम्हाला हसेल. पोहताना अंगावर काय घालायचं याचा बव्हेरिया राज्याचा नियम २०१३ साली मुदत संपून गेला. मग म्युनिकच्या नगरपरिषदेने २०१४ मध्ये सहा जागा ठरवून दिल्या, इंग्लिश गार्डनमध्ये आणि इसारच्या काठाने, जिथे कपडे न घालता पडता येतं, पोहता येतं. आमचं कुरण त्यातल्याच एका पट्ट्यात येतं. तुम्ही जे बंद करायला सांगताय ते शहराने ठराव करून चालू ठेवलंय. याला इथले लोक फ्रायक्योर्परकुल्टुर म्हणतात, थोडक्यात एफकेके. शब्दाच्या शेवटी 'कुल्टुर' आहे, म्हणजे संस्कृती. निवेदनात तो शब्द चार वेळा आलाय, म्हणून सांगितलं.

आपल्या संस्कृतीत हे बसत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी कुठल्या संस्कृतीत वाढलो ते ऐका.

आमच्या घरापासून कृष्णेचा घाट चालत सात मिनिटं. थंडीच्या दिवसांत सकाळी आठच्या सुमाराला तालमीतली पोरं अंगाची माती धुवायला नदीवर यायची. पाण्यात डुबक्या मारायची, लंगोट पिळून दगडावर वाळत टाकायची आणि पंचा गुंडाळून, कधी तोही धड न गुंडाळता, पायऱ्यांवर ऊन खात बसायची. एकमेकांच्या पाठीला तेल चोळायची. चोळताना पाठीवर थापट्या मारल्याचा आवाज पार पलीकडच्या काठावर जायचा. खालच्या पायऱ्यांवर बायका धुणी धुवत असायच्या. कोणी मान वर केली नाही, कोणी निवेदन दिलं नाही. मी शाळेचं दप्तर मांडीवर घेऊन बघत बसायचो. 'बघणं' म्हणजे काय ते दहाव्या वर्षी मला कळत नव्हतं, पण आपण बघतोय हे कोणी बघू नये, एवढं कळत होतं.

नाशिकच्या २०१५ च्या कुंभातले गोदाकाठचे फोटो आपल्यातल्याच एकाने ग्रुपवर टाकले होते. नागा साधूंची मिरवणूक. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती, त्यात माझेही होते. भस्म फासलं की उघडं अंग पवित्र आणि सनस्क्रीन फासलं की अश्लील, हे मला अजून नीट समजलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, घाटावर लोक 'त्यासाठी' येत नव्हते. खरंय. 'त्यासाठी' कुठे जायचं ते मी पुण्यात शिकलो.

२००३ साल. नोकरी लागून वर्ष झालं होतं. नदीकाठच्या एका बागेत संध्याकाळी सातनंतर आमच्यासारखी माणसं फिरायची, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, तरी ठाऊक झालं होतं. आमच्यात त्याला 'स्पॉट' म्हणायचे. दिवे जिथे संपतात तिथून स्पॉट सुरू व्हायचा. तोंडं दिसायची नाहीत, सिगारेटचं टोक दिसायचं. मी तिथे पाच वेळा गेलो. पाच वेळांत कोणाचं खरं नाव कळलं नाही आणि मी माझं सांगितलं नाही. सहाव्या वेळी खाकी पँट घातलेल्या एका माणसाने मनगट धरलं. तो पोलिस होता की नव्हता, आजही मला माहीत नाही. 'तीनशे सत्याहत्तर माहीत आहे का रे? घरी फोन लावू?' एवढी दोनच वाक्यं. माझ्याकडे अकराशे रुपये होते, ते गेले. इंजिनिअरिंगच्या निकालाला वडिलांनी दिलेलं घड्याळ गेलं. घरी सांगितलं, बसमध्ये गर्दीत कोणीतरी काढून घेतलं. वडील म्हणाले, तू पहिल्यापासून धांदरट. २०१० मध्ये ते गेले, मला धांदरट समजूनच गेले.

त्याच पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली समपथिक ट्रस्ट सुरू केला होता. मला तिथवर पोचायला आणखी दोन वर्षं लागली. आणि ते कलम ३७७, इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलेलं, दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये आमच्यापुरतं बाजूला सारलं, सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ ला परत आणून बसवलं, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायाधीशांनी कायमचं उतरवलं. त्या दिवशी मी इथे ऑफिसात होतो. बाथरूममध्ये जाऊन रिकाम्या मनगटाकडे बघत थोडा वेळ उभा राहिलो.

आता इथला माझा पहिला दिवस सांगतो, कारण त्यासाठीच हे पत्र लिहायला घेतलं. २०१२ चा जून. कुरणाबद्दल ऑफिसमधल्या एकाने सांगितलं होतं. मी चड्डी घालूनच पडलो होतो, पाकीट पोटाखाली दाबून. पाठीवर ऊन लागत होतं आणि मला सारखं वाटत होतं की मी कशाला तरी पाठ देऊन पडलोय. दोनच्या सुमाराला गोट्यांवर टापांचा आवाज आला. घोड्यांवरचे दोन पोलिस, एक बाई, एक पुरुष. आजूबाजूला वीस-पंचवीस उघडी माणसं, आणि त्यांच्यात मी एकटाच कपड्यांत, तरी एकटाच घाबरलेला. मनगट आपोआप अंगाखाली गेलं. त्यांनी घोड्यांना पाणी पाजलं. बाईंनी आमच्याकडे बघून 'ग्र्यूस गॉट' म्हटलं, दोघा-तिघांनी पडल्या पडल्या उत्तर दिलं. एका पोराला त्यांनी बाटली फोडू नकोस, घोड्याच्या पायात जाते, असं बजावलं. आणि गेले. टापांचा आवाज पुलाखालून जाईपर्यंत मी ऐकत होतो. मग मी पाकीट पोटाखालून काढून टॉवेलवर ठेवलं.

एवढंच घडलं. तुम्हाला यात काही वाटणार नाही कदाचित.

माझ्या शेजारी घडीच्या खुर्चीत ८३ वर्षांचे एक आजोबा बसतात. मी त्यांना 'झी' म्हणतो, म्हणजे अहो-जाहो, आणि ते मला 'डू', म्हणजे अरे-तुरे. अंगावर सूत नाही आणि तोंडात अहो-जाहो. जर्मन भाषा मला तिथे पहिल्यांदा आवडली. त्यांना १९६३ साली शिक्षा झाली होती, पुरुषांमधल्या संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम १७५ खाली. तेव्हा ते एकवीस-बावीस वर्षांचे होते. पोलिसांच्या यादीत नाव आलं, नोकरी गेली, बहिणीच्या लग्नाला बोलावणं आलं नाही. पश्चिम जर्मनीत १९४५ ते १९६९ या काळात असे सुमारे ५० हजार पुरुष दोषी ठरले. नाझींनी १९३५ साली कडक केलेला कायदा होता तो, युद्ध संपल्यावरही तसाच चालू ठेवलेला. १९६९ मध्ये सैल झाला, पूर्ण गेला तो १९९४ साली.

यातली एक गोष्ट मला नवी होती. बव्हेरियात १८१३ च्या दंडसंहितेनंतर दोन पुरुषांचा राजीखुशीचा संबंध हा गुन्हाच नव्हता! जर्मनी एक झाली, सगळ्यांचा मिळून एक कायदा १८७२ पासून लागू झाला, आणि प्रशियाचं ते कलम इथे आलं. ते येणार हे ओळखून कार्ल हाइनरिश उलरिख्स नावाचा एक वकील २९ ऑगस्ट १८६७ ला याच शहरात, ओडेऑन सभागृहात, जर्मन कायदेपंडितांच्या परिषदेपुढे उभा राहिला आणि स्वतःच्या तोंडाने म्हणाला की आमच्यासारख्यांना गुन्हेगार ठरवू नका. पंडितांनी आरडाओरडा करून त्याला खाली बसवलं. त्याच्या नावाचा चौक आज ग्लॉकेनबाखमध्ये आहे, तुमच्यापैकी दोघं त्याच्या आसपासच राहतात.

तर आजोबा. २०१७ च्या कायद्याने या सगळ्या जुन्या शिक्षा रद्द केल्या, एका शिक्षेमागे ३,००० युरो भरपाई, तुरुंगात काढलेल्या वर्षाचे वर १,५००. मी अर्ज भरून देतो म्हटलं. आजोबा म्हणाले, 'तेव्हा त्यांनी माझ्याकडून कागदावर सही घेतली, आता पुन्हा सही मागतायत,' आणि प्लमची बी लांब थुंकली. अर्ज भरला नाही. १९८७ ची गोष्टही ते सांगतात. एड्सच्या भीतीचे दिवस, बव्हेरियाच्या गृहखात्यात पेटर गाउवाइलर नावाचा राजकारणी, सक्तीच्या चाचण्यांची भाषा. तो अख्खा उन्हाळा कुरणात गवत कंबरेएवढं वाढलं होतं म्हणे, तुडवायला माणूसच नव्हता.

'यांना अ‍ॅप आहेत, बार आहेत, उघड्यावर कशाला?' असं ग्रुपवर एकाने विचारलंय. आजोबांचा फोन बटणांचा आहे. बारमध्ये त्यांना ऐकू येत नाही. आणि अ‍ॅपवर माझा अनुभव विचारलात, तर आपल्या रंगाच्या माणसाला तिथे उत्तरं कशी येतात ते तुम्हाला घर भाड्याने घेतानाच्या अनुभवावरून ताडता येईल. कुरणात सगळं गोडच असतं असं नाही. तिथेही एकदा एकाने मला 'तुमच्याकडे हे चालतं का' विचारून कान किटवले होते. पण तिथे माणूस समोर असतो. त्याला मी आयर्विन पूल आणि घाटावरचे पैलवान समजावून सांगितले. आता तो दर वेळी पैलवानांबद्दलच विचारतो.

जाता जाता आणखी एक. फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला, हा निरोप ग्रुपवर दर वर्षी फिरतो आणि सगळ्यांची छाती फुगते. तो ऐंशीच्या आसपासची काही वर्षं याच गावात राहत होता, आणि इथे त्याला काय आवडायचं ते त्याने फारसं लपवलं नव्हतं. अभिमान घ्यायचाच तर अख्ख्या माणसाचा घ्या, पाचगणीपुरता तोडून घेऊ नका.

आता वहिनींचं. निवेदनाला कारण झालं ते मे महिन्यातलं. वहिनी, तुमचा मुलगा चेंडूमागे झुडपांत शिरला आणि त्याला जे दिसायला नको ते दिसलं. ही चूक त्या दोघांची होती, तुमची नाही, मुलाची तर नाहीच. यावर मी कुठलंही स्पष्टीकरण देणार नाही. उघड्यावर लैंगिक कृती करून लोकांना जाणूनबुजून त्रास देणं हा जर्मन दंडसंहितेच्या कलम १८३ अ प्रमाणे गुन्हा आहे, वर्षापर्यंतची कैद होऊ शकते, आणि हे कलम कुरणालाही लागू आहे. एखाद्याकडे बघणं, बोलणं, उन्हात पडणं या कलमात येत नाही. झुडपांमागचं, कोणी येऊ शकेल अशा ठिकाणचं, येऊ शकतं. तुम्ही त्या दिवशी ११० ला फोन केला असता तर मी तुमच्या बाजूने उभा राहिलो असतो.

तुम्ही ग्रुपवर ते लिहिलंत, त्याच आठवड्यात मी कुरणात सगळ्यांना सांगितलं. वाद झाला. स्पॅनिश आचाऱ्यांनी अर्थातच दोन बाजू घेतल्या. आजोबा उठले, त्यांनी आपली घडीची खुर्ची उचलली आणि पायवाट झुडपांत शिरते त्या तोंडाशी नेऊन ठेवली. तेव्हापासून ते तिथेच बसतात. पोरं, चेंडू, सायकली, कोणी चुकून वळलं की ते हात वर करून वाट दाखवतात. आत जाणाऱ्या दोघांनाही ते मोठ्याने 'दिवसाउजेडी नको' असं सांगतात, आणि त्या वयाच्या उघड्या माणसाने असं सांगितलं की कोणाची छाती होत नाही. ऊन असेल तेव्हा डोक्याला जुनी गवताची टोपी असते, तेवढीच. गेल्या महिन्यात वहिनी, तुम्हीच सायकलवरून जाताना त्यांनी तुम्हाला टोपी काढून नमस्कार केला. तुम्ही मान वळवलीत. साहजिक आहे. पण ते तुमच्याच कामावर बसले होते.

कुंपणाने यातलं काय होईल? माणसं संपणार नाहीत. रात्री येतील, दिवे संपतात तिथे उभी राहतील, तोंडं दिसणार नाहीत. आणि तिथे कोण येऊन मनगट धरतो ते मला माहीत आहे. आज कुरणात काही वाईट घडलं तर पन्नास साक्षीदार असतात आणि पोलिस 'ग्र्यूस गॉट' म्हणून जातात. ही व्यवस्था कुंपणाने मोडेल, बाकी काही मोडणार नाही.

निवेदनातला कचऱ्याचा मुद्दा मात्र रास्त आहे. फक्त पत्ता चुकलाय. शनिवारी रात्री बार्बेक्यूवाले येतात, त्यांचे निखारे, बाटल्यांच्या काचा, ॲल्युमिनियमचे ट्रे. निरोध आणि टिश्यू पेपरही सापडतात, ते आमचे. ते आम्ही उचलतो, चिमट्याने. बाकीचंही बरंचसं आम्हीच उचलतो, कारण काचांवर उघड्या अंगाने पडायला कोणालाच आवडत नाही.

आणखी एक सांगायचंय, पण ते सगळ्यांना नाही. त्या ३१ अंगठ्यांतला एक मी ओळखतो. दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये तू पाण्याच्या कडेला बसला होतास, पाय गोट्यांत खुपसून. मला पाहिलंस आणि टॉवेल गोळा करून निघून गेलास. त्यानंतर गणपतीत भेटलो तेव्हा दोघंही पावसावर बोललो. घाबरू नकोस. तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही, मी या पत्रातही तुझ्याबद्दल पुरेसं खोटं लिहिलंय की कोणाला ताडता येऊ नये. अंगठा का दिलास तेही कळतं. सगळे देत असताना न देणारा उठून दिसतो. जागा अजून आहे. पुस्तक घेऊन ये, हातातून खाली ठेवू नकोस, म्हणजे कोणी विचारायला येणार नाही.

मंडळी, मागणं फार नाही. ज्यांना निवेदन द्यायचंय त्यांनी आपल्या नावाने, आपल्या सहीने द्यावं, तो तुमचा हक्क आहे, प्रभाग समिती तुमचं ऐकून घेईल. 'म्युनिकमधील समस्त मराठी समाज' हे चार शब्द तेवढे काढा. मला विचारून ते लिहिलेले नाहीत. त्या एका अंगठ्यालाही विचारून ते लिहिलेले नाहीत, हे आताच सांगितलं.

खाली नाव लिहीत नाही. लाज वाटते म्हणून नाही, आई ८१ वर्षांची आहे आणि दिवसभर फेसबुकवर असते. तिला माहीत आहे असं मला वाटतं. मला ते कळलंय हे तिला माहीत नाही, असंही वाटतं. हा आमचा आपसातला कारभार आहे, तो निवेदनातून तिच्यापर्यंत पोचायला नको.

रविवारी सकाळी साडेनऊला मी पुलाच्या पायथ्याशी उभा असेन. चिमटे सहा आहेत, पिशव्या भरपूर, हातमोजे ज्याचे त्याने आणावेत. कचरा उचलायचा आहे, कपडे काढायची सक्ती नाही.

तुमचाच,
ढोलपथकात डावीकडून तिसरा

ता. क. : वहिनी, तुमचं इडलीपात्र गणपतीपासून माझ्याकडेच राहिलंय. रविवारी घेऊन येतो. यायला जमणार नसेल तर कळवा, दाराबाहेर ठेवून जाईन, बेल वाजवणार नाही.